पांढरा पळस आणि दादाजींचं टाकं

फाल्गुन लागला की माझा राग ताजा होतो. बाकीच्यांना या दिवसांत काय काय होतं म्हणे. कुणाचं मन मोहरतं, कुणाला माहेर आठवतं, कुणाला उगाच गावंसं वाटतं. मला राग येतो. सकाळी मागचं दार उघडावं, शेवग्याच्या फुलांवर मधमाश्यांची घूं घूं चाललेली असावी, वाऱ्यात जरासा गारवा आणि त्या गारव्याच्या पोटात उन्हाची धग असावी, आणि नेमकं तेव्हाच माझा राग जागा व्हावा, असं गेली कित्येक वर्षं चाललंय. गुडघे गेले, दात गेले, राग शाबूत आहे. मी तो सांभाळलाही आहे नीट. लोणचं सांभाळतात तसा, ओला हात न लावता.

निसर्ग क्षमा शिकवतो असं कुठंकुठं लिहिलेलं असतं. ज्यांनी लिहिलं त्यांनी माझ्या बागेत एक सकाळ काढावी. सातभाईंच्या घोळक्यात शिक्रा घुसला, तर ते सगळे मिळून त्याला गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या घालत पोचवून येतात. रुईचं पान तोडलं तर ती डोळ्यात चीक उडवायला बघते. भुईरिंगणीच्या देठाला काटे, पानाला काटे, पानाच्या शिरेला काटे; फूल तेवढं देखणं. क्षमा करणारं इथं कुणी मला तरी अजून भेटलेलं नाही. म्हणूनच मला इथं करमतं.

बाग हा माझा शब्द. शेजारच्या बायका 'शालूबाईचा कचरा' म्हणतात. म्हणू देत. यातलं एकही झाड मी विकत आणलेलं नाही. वाऱ्यानं आणलं, पाखरांनी आणलं, गाईच्या शेणातून आलं आणि मी राहू दिलं. कुंपणाला लागून रुई आहे. तिच्या पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिवसभर चरत असते आणि काही दिवसांनी तिचंच केशरी फुलपाखरू होऊन त्याच झुडपाभोवती भिरभिरतं. तरवडाचे पिवळे तुरे आहेत. जमिनीला चिकटून गोखरू आहे. त्याचं एवढंसं पिवळं फूल पाहायला वाकावं लागतं, आणि न पाहता पाय ठेवला तर वेगळ्या कारणानं वाकावं लागतं. विष्णुक्रांतेचे निळे ठिपके ऊन चढलं की मिटून जातात. दगडांच्या ढिगावर सरडा बसतो. या दिवसांत त्याचं डोकं शेंदरी होतं आणि तो मादीपुढे दंड-बैठका काढतो. मादी बहुधा दुसरीकडे बघत असते. दुपारी झुडपांच्या बुडातून कुंभारकावळा मालकासारखा चालत जातो आणि कुठूनतरी 'कूप कूप' करतो.

एकच झाड मला चालत नाही, गाजरगवत. ते आगंतुक. आलं की सगळी जागा आपलीच समजतं, दुसऱ्याला उगवू देत नाही. ते मी मुळासकट उपटते आणि उपटताना मनात एक नाव घेते. नाव दादाजींचं. दादाजी म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांना देवाघरी जाऊन आता वर्षं झाली, पण गाजरगवत दरवर्षी येतं, तेव्हा नाव घ्यायची सवयही राहिली.

लग्न होऊन मी सिंदीला आले तेव्हा आमचं घर गावाच्या कडेला होतं. रेल्वेचं गाव, दिवसभर गाड्या जात आणि हंगामात कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागे. घराच्या मागच्या भिंतीपाशी गाव संपायचं आणि वावरं सुरू व्हायची. घरात दोन भाऊ. दादाजींचं बाजारात धान्याचं दुकान, माझा नवरा शेती पाहायचा. घरासमोरचं अंगण दादाजींचं. तिथं फरशीचा मोठा ओटा, ओट्यावर लोखंडी साखळ्यांची बंगई म्हणजे झोपाळा, समोर पसरलेला मुरूम, हिरवळीचा एक चौकोन, त्याच्याभोवती चुना लावून तिरक्या रोवलेल्या विटा आणि रंगवलेल्या डब्यांमध्ये क्रोटन. दर रविवारी दादाजी कात्री घेऊन क्रोटनची पानं सारखी करायचे. एक पान कमी नाही, एक जास्त नाही. मागचं अंगण कुणालाच नको होतं, म्हणून ते माझं झालं.

आता एक गोष्ट सांगते, ती आजच्या पोरींना खरी वाटत नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. समोर आले तर पदर पुढे ओढायचा आणि बाजूला व्हायचं. पण एका घरात राहून न बोलता चालणार कसं? मग भिंतीशी बोलायचं. चहा झाला की मी दाराच्या चौकटीला सांगायची, "चहा निवून राह्यला वाटते." बंगईवरून दादाजी साखळीला सांगायचे, "आज वरनात मीठ नाई पडलं." मी मिठाची वाटी आणून भिंतीजवळ ठेवायची. असा आमचा संसार चालला होता. भिंतीला तोंड असतं तर ती थकून गेली असती.

मागच्या अंगणाच्या टोकाला, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक पळस होता. मी आले तेव्हा जेमतेम पुरुषभर उंच, वाकडा, धूळ खाल्लेला. त्याच्याकडे कुणी पाहत नसे. कुठंही जा, पळसाला पानं तीनच, त्याचं काय कौतुक? मला मात्र तो बरा वाटायचा. नव्या घरात माझ्यासारखाच तोही एका कडेला उभा होता. भांडी घासली की राख मी त्याच्या बुडाशी टाकायची, आणि दुपारी सगळे झोपले की त्याच्या सावलीत जाऊन बसायची. तिथं मला भिंतीशी बोलावं लागत नसे.

नव्वदच्या आसपासचा तो फाल्गुन. पळसाची पानं सगळी गळून गेली होती. काळ्या मखमली कळ्या दांडीभर लागल्या होत्या. गावाबाहेरचे सगळे पळस पेटायला लागले होते, आणि आमचा मुका. एका सकाळी पाहते तर पहिली कळी उमललेली. पांढरी. दुधात चिमूटभर हळद पडावी इतपत पिवळसर, बाकी पांढरीच. मला वाटलं ऊन लागून रंग गेला असेल. दुसऱ्या दिवशी दहा, चौथ्या दिवशी अख्खी फांदी, आणि आठवड्यानं पूर्ण झाड पांढरं. काळ्या देठांवर ती वाकडी पांढरी फुलं, मागे निळं आभाळ, आणि त्या फुलांत डोकं खुपसून बसलेल्या साळुंक्या. त्यांच्या चोचीला पराग लागून चोची अधिकच पिवळ्या दिसत. शिंजीर यायचा, उन्हात काळ्याचा जांभळा व्हायचा. बुलबुल यायचे, पोपट यायचे, खार उलटी लटकून पाकळ्या कुरतडायची आणि सगळ्यांचा एकच गोंगाट. मी हातातली कामं सोडून पाहत राहायची. माझं लग्न झालं त्या दिवशीही मला इतकं सजवलं नव्हतं.

माझं माहेर गिरडकडचं. तिकडे टेकड्यांवर पळसच पळस. लहानपणी वडील वावरात नेत तेव्हा एकदा सांगितलेलं आठवलं, "पांढरा पळस दिसला तं कोनाले सांगू नको, पोरी. लोकं त्याले जित्ता ठेवत नाई." मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दादाजींनी एकदाच मागच्या दारातून डोकावून साखळीऐवजी आभाळाला सांगितलं, "मांगच्या पळसाले रोग लागला वाटते. पांढरा पडून राह्यला." मी पदराआड हसले. रोगी म्हणा, वेडा म्हणा, त्याला तसाच सोडा म्हणजे झालं. पुढची तीन-चार वर्षं त्यांनी तसाच सोडला.

घात केला तो भक्तीनं. माझी मोठी जाऊ भोळी बाई. त्यानंतरच्या फाल्गुनात तिनं चार पांढरी फुलं वेचली आणि दुकानातल्या लक्ष्मीच्या तसबिरीला वाहिली. त्या दिवशी तळेगावकडचा एक गिऱ्हाईक दुकानात आला होता. तसबिरीकडे पाहून त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "शेठ, हे फूल कुठचं जी? पांढरा पळस तं धनाच्या जागी उगवते. ज्याच्या घरी हे झाड, त्याच्या घरी पुरलेलं असते." मग मूळ कोणत्या नक्षत्रावर काढायचं, गल्ल्यात कसं ठेवायचं, साल कुठं ठेवायची, सगळं त्यानं सांगितलं. हे मला नंतर जावेनं सांगितलं, डोळे पुसत.

रविवार होता आणि पुष्य नक्षत्र होतं. दादाजी सोवळं नेसून मागच्या अंगणात आले. त्या अंगणात त्यांना मी तेव्हा पहिल्यांदाच नीट उभं राहिलेलं पाहिलं. बरोबर दुकानातले दोन हमाल. झाड बहरात होतं. दादाजींनी बुडाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, हात जोडले. मला वाटलं, पूजा करायला आले. आधी कुंकू लावलं, मग कुऱ्हाड.

मी मागच्या दारात उभी होते. पदर पुढे ओढलेला. ते माझ्यापासून हाकेच्याही नाही, कुजबुजीच्या अंतरावर होते. "नका तोडू" एवढे दोनच शब्द होते. पण बोलायची रीत नव्हती. मी हातातलं दुधाचं पितळी गंज फरशीवर आपटलं. घणघण आवाज झाला, सगळी पाखरं उडाली. दादाजींनी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी उत्तरेकडची मुळं खणून काढली आणि हात पोचेल तिथपर्यंत बुंध्याची साल चौफेर सोलून नेली. आतलं ओलं लाल लाकूड उघडं पडलं. वरची फुलं पुढं आठवडाभर तशीच ताजी होती, त्यांना काही कळलंच नव्हतं.

रात्री नवऱ्याजवळ रडले. तो म्हणाला, "दादाले कोन बोलीन? झाड होतं, गेलं. पळस का वावरात कमी आहे का?" तो वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवसापासून मी त्याच्याशीही भिंतीशी बोलावं तशीच बोलू लागले.

मरणाऱ्या झाडाला जाताजाता भरमसाट शेंगा धरतात, हे मी तेव्हा पाहिलं. वैशाखात त्या चपट्या पळसपापड्या वाळून गळाल्या, त्या मी वेचून डब्यात ठेवल्या. पावसाळ्यात झाडानं चार पानं काढून पाहिली, हिवाळ्यात ती गेली. पुढच्या फाल्गुनात झाड लाकूड होऊन उभं होतं. त्यावर्षी गल्लीतली पोरं होळीची लाकडं मागत आली तेव्हा दादाजींनी बंगईवरूनच हात केला, "मांगचा पळस घेऊन जा, वाळून गेला." होळी आमच्या घरासमोरच्या चौकात पेटली. सगळ्यांनी प्रदक्षिणा घातल्या. मीही घातल्या. नारळ वाहिला, पुरणपोळीचा नैवेद्य टाकला, आणि ज्वाळेकडे पाहत जे मागितलं ते मोक्षाबिक्षाचं नव्हतं.

मिळालं ते आठ दिवसांत.

चैत्र लागायच्या सुमारास नाग ऊन खायला बाहेर पडतात. आमच्या मागच्या दगडांवर एक पडून असायचा, गव्हाळ रंगाचा, वयस्क, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. मला त्याची भीती वाटत नसे, त्याला माझी वाटत नसावी. एका सकाळी तो उठला आणि भिंतीच्या कडेनं सरळ पुढच्या अंगणात गेला. मी पडवीतून पाहत होते. दादाजींच्या ओट्याखाली एक भोक होतं, त्यात तो हळूहळू पूर्ण आत गेला. का गेला ते मला ठाऊक होतं. दादाजी दुकानातला जास्तीचा गहू ओट्याला लागून असलेल्या खोलीत रचत, त्या गव्हावर घुशी पोसल्या होत्या आणि त्यांनी ओटा आतून पोखरला होता. नाग जेवायला गेला होता.

लेकी बोले सुने लागे ही म्हण सासवांची. मी ती जराशी वळवून घेतली. ओट्याजवळच्या तुळशीला पाणी घालताना मोठ्यानं म्हटलं, "बापा! नागोबा आज ओट्याखाली गेला. डाव्या अंगाच्या भोकातून."

बंगईचं करकरणं थांबलं.

त्या करकर थांबण्याची गोडी मी काय सांगू? इतकी वर्षं भिंतीशी बोलत आले, भिंतीनं पहिल्यांदा कान दिला. नाग कशाची राखण करतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पांढरा पळस, आणि आता नाग. मी पुढे काही बोलले नाही. पुढचं त्यांचं त्यांनी जोडलं.

मग मी रोज पाहू लागले आणि रोज तुळशीला सांगू लागले. मी एक शब्दही खोटा बोलले नाही. पाहायला तर मला येतच होतं, माझी सगळी उमर त्यातच गेली होती. नाग तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला, सांगितलं. त्याच्या मागावर मुंगूस आलं, ओट्यासमोर दोन पायांवर उभं राहिलं, तोंड फिरवून थेट घराकडे पाहिलं, तेही सांगितलं. मुंगसाचं तोंड दिसणं किती भाग्याचं असतं हे सांगितलं नाही; ते दादाजींना पाठ होतं. त्या वर्षी टिटवीनं ओट्यासमोरच्या मुरमात अंडी घातली. मातकट, ठिपक्यांची, मुरमात मुरूम होऊन पडलेली. जवळ जाईल त्याच्या डोक्यावरून ती किंचाळत झडप घालायची. दादाजींची टोपी तिनं दोनदा पाडली, आणि ते मी स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहिलं. एका सकाळी पिल्लं निघाली आणि काड्यांसारख्या पायांवर चालू लागली. टिटवी कवचं उचलून दूर टाकते, वास मागे राहू नये म्हणून. मी तुळशीला एवढंच म्हटलं, "पिल्लं तं निघाली व माय. कवचं काई दिसून नाई राह्यले."

टिटवीची अंडी परिसाशिवाय फुटत नाहीत, असं आमच्याकडे म्हणतात. ज्यानं ती फोडली तो परीस तिथंच कुठंतरी मुरमात असणार.

त्या संध्याकाळी दादाजी बंगईच्या साखळीला म्हणाले, "नागोबा नेमका कोन्या अंगानं जाते म्हनते?" आवाज बारीक झाला होता.

मी तुळशीला म्हटलं, "डाव्या. मंग ओट्याच्या मधोमध कुठीसा सरसर आवाज येते."

जाऊ हे ऐकत होती. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "काऊन व शालू, तू मुद्दामून तं नाई बोलून राह्यली?"

"मी का खोटं बोलली का, बाई? तुमीच पाहा ना जाऊन," मी म्हटलं. तिनं जाऊन पाहिलं. नाग बिळातून अर्धा बाहेर होता. ती हात जोडून परत आली.

दादाजींनी गावात सांगितलं, पाण्याचं टाकं बांधतो. उन्हाळा येऊन राह्यला, टाकं पाहिजे. दुपारी, सगळं गाव दार लावून झोपलेलं असताना, त्यांनी बाहेरगावचे मजूर लावले. पहिला ओटा गेला. तो फोडला तेव्हा घुशींचं अख्खं गाव चारी दिशांना पळालं. नाग त्याआधीच शहाणपणानं निघून गेला होता. मग हिरवळीचा चौकोन गेला. चुन्याच्या तिरक्या विटा गेल्या. क्रोटनचे डबे उचलून कडेला ठेवले, तिथं उन्हात त्यांची पानं गळाली, आणि ती कमी-जास्त करायला कुणी कात्री घेऊन आलं नाही. खड्डा वाढत गेला. काळी माती संपली, मुरूम संपला, पुढं पाषाण लागला. दादाजी काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक टोपली चाळून घ्यायचे. परिसाच्या आशेनं त्यांनी प्रत्येक वाटोळ्या खड्याला खिशातली लोखंडी चावी लावून पाहिली. मी दाराच्या फटीतून पाहायची. मला तेव्हा जेवण गोड लागत होतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

वळवाचा पाऊस आला आणि खड्ड्याची एक बाजू बसली. तिच्याबरोबर बैठकीच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत भेग गेली. पाषाण फोडायला यंत्र आणावं लागलं असतं आणि मग गावाला काय सांगणार? काम थांबलं. बाजारात लोक विचारू लागले, "शेठ, भरलं का टाकं?" पोरं आम्हाला टाकेवाले म्हणू लागली. सरकारदरबारी आडनाव वेगळं आहे, पण सिंदीत अजूनही टाकेवाल्यांचं घर विचारलं की लोक आमच्याकडेच बोट दाखवतात.

खड्डा बुजवावा असं घरात सगळेच म्हणत. दादाजी बुजवू देईनात. बुजवला की संपलं ना सगळं. "राहू द्या, पाह्यतो," म्हणत. तीच माझी खरी कमाई. नुकसान माणूस विसरतो, भेग लिंपतो. आशा लिंपता येत नाही. पुढची दहा-बारा वर्षं ते रोज सकाळी त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून चहा पीत.

आणि खड्ड्यात माझी बाग उतरली. पहिल्याच पावसाळ्यात मातीच्या ढिगांवर टाकळा आला. हिवाळ्यात रुईची म्हातारी उडत आली आणि रुजली. भुईरिंगणी पसरली, उतरणीचा वेल बैठकीच्या भेगेतून वर चढला, तरवड काठावर उभा राहिला. फाल्गुन-चैत्रात तो सगळा खड्डा पिवळा-जांभळा होऊन जायचा. टिटवी दरवर्षी येऊ लागली. उघडा मुरूम तिला आता हवा तेवढा होता. जिथं एक पान जास्त खपत नव्हतं, तिथं सरडे दंड काढायचे. मी मोडक्या पायऱ्यांवर भाजी निवडत बसून पाहायची. दादाजींना खिडकीतून तेच दिसायचं. पाहण्याचा आनंद मी आयुष्यात फार घेतला आहे, पण कुणाला तरी पाहायला लावण्याचा आनंद त्याच्याहून मोठा आहे.

माझाही एक खड्डा होता, तो मी कुणाला दाखवला नाही. डब्यातल्या पळसपापड्या मी धुऱ्यावर लावल्या होत्या. तीन रोपं जगली. पळसाचं वाढणं म्हणजे वैताग. वर्षानुवर्षं रोप गुडघ्याशीच. पानांवरून काही कळत नाही, पानं तीनच, पांढऱ्याचीही आणि केशरीचीही. फूल येईपर्यंत वाट पाहायची. ते काठावर उभे राहून चहा प्यायचे, मी धुऱ्यावर उभी राहून पाणी घालायची. दोन हजारनंतर पहिलं झाड फुललं. केशरी. एका वर्षाआड दुसरं फुललं. तेही केशरी. मला वाटायचं, तिसरं पांढरं निघालं तर मी सगळं सोडून देईन. खरंच ठरवलं होतं मी. दादाजींच्या समोर जाऊन सांगणार होते की ओट्याखाली घुशी होत्या, तुमच्याच गव्हावर पोसलेल्या, आता खड्डा बुजवा आणि शांत व्हा.

तोवर घर बदललं होतं. दादाजींच्या मुलाचं लग्न झालं, नवी सून सासऱ्यासमोर टीव्ही पाहत मोबाइलवर मोठ्यानं बोलायची, तिला कुणी काही म्हणत नव्हतं. आम्ही दोघं मात्र जुनीच रीत पाळत होतो. मग दादाजींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. त्यांची खाट बैठकीत, खड्ड्याच्या खिडकीपाशी टाकली.

त्या फाल्गुनात तिसऱ्या पळसाला कळ्या आल्या. काळ्या मखमली, अगदी त्याच. मी पंधरा दिवस पाखरांआधी उठत होते. एका सकाळी कळी उमलली आणि मी पाहत राहिले. केशरी होती. भडक, तिखट, वावरातल्या कुठल्याही पळसासारखी. शिंजीर आला, त्यानं चोच घातली, त्याला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. मी तिथंच धुऱ्यावर बसले. मग उठून आत आले, कारण दादाजींच्या चहाची वेळ झाली होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. जाऊ देवळात गेली होती, सून माहेरी, नवरा वावरात आणि पुतण्या दुकानावर.

मी पदर पुढे ओढला, चहा नेला आणि नेहमीसारखा भिंतीजवळच्या स्टुलावर ठेवला. वळले, तर मागून आवाज आला, "शालू."

त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ते भिंतीकडे नाही, साखळीकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. अर्धं तोंड वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते. "तू सारं पाह्यलं," ते म्हणाले. "खरं सांगजो. होतं का तिथं काई?"

मी पदर मागे सारला. त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खिडकीबाहेर खड्ड्यावरून टिटवी ओरडत गेली. घुशींचं उत्तर इतकी वर्षं जिभेवर तयार होतं, बोलले असते तर तिथंच संपलं असतं.

"होतं, दादाजी," मी म्हटलं. "आनखी दोन हात खाली जा लागत होतं."

त्यांचा चांगला हात चादरीवर हलला. दोन बोटं हळूहळू वर झाली.

"दोनच हात?"

"दोनच," मी म्हटलं, आणि चहा बशीत ओतून त्यांच्या ओठांना लावला.